वेग मोजायच्या आधी घड्याळ तपासा
वाचकांचे प्रश्न : जुने संगणक

या वेळी सोलापुरातून आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आहेत : जुन्या पीसीचा वेग मोजणारा प्रोग्रॅम लिहिला किंवा मिळवला, पण त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही? पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे. तो सुटला की बाकीचे निम्मे सोपे होतात.

प्रश्न : मी टर्बो सीमध्ये बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणारा, एक छोटा डॉस प्रोग्रॅम लिहिला आहे. एक सेकंदात ठरावीक काम किती वेळा होतं ते तो मोजतो. ४.७७ मेगाहर्ट्झच्या एक्सटीवर (८०८८ प्रोसेसरच्या जुन्या पीसीवर) तो कधी ९४ गुण देतो, तर लगेच पुन्हा चालवला की १००. मशीन तेच, फ्लॉपी तीच. दोष कोणाचा?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अशोक चौक

उत्तर : दोष प्रोग्रॅममधल्या घड्याळाचा. तुमचे दोन आकडेच तसं सांगतात. पीसीचं बायोस-घड्याळ (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, चिपमधला प्रोग्रॅम) सेकंदाला फक्त १८.२ वेळा पुढे सरकतं, म्हणजे एक टिक जवळजवळ ५५ मिलिसेकंदांची. तुमची चाचणी एका सेकंदाची, म्हणजे १८ टिकांची. ती टिकच्या मध्येच सुरू झाली की तिला कधी जेमतेम १७ टिकांचा वेळ मिळतो, कधी पूर्ण १८ चा. १७ भागिले १८ करा, ०.९४ येतं. ९४ आणि १०० हा फरक मशीनचा नसून एका टिकचा आहे.

साधा उपाय असा. चाचणी मध्येच सुरू करू नका. ००४०:००६सी या पत्त्यावरचा टिक-आकडा बदलण्याची वाट पाहा, तो बदलला की त्या क्षणी सुरुवात करा. चाचणी किमान १०० टिक, म्हणजे साडेपाच सेकंद चालू द्या. मग एका टिकची चूक एका टक्क्यावर येते. रात्री बाराला हा आकडा शून्यावर जातो, तेव्हा वजाबाकीचं उत्तर वेडंवाकडं येणार. तशी फेरी सरळ रद्द करा.

याहून बारीक मोजायचं तर टिक सोडून थेट टायमर चिप वाचायची. एक्सटीमध्ये ती ८२५३ असते आणि सेकंदाला ११,९३,१८२ वेळा मोजते, म्हणजे एक एकक ०.८३८ मायक्रोसेकंदाचं. इथे एक गोम आहे, आणि बहुतेक नवे प्रोग्रॅम तिथेच फसतात. बायोस हा टायमर मोड ३ मध्ये ठेवतो. त्या मोडमध्ये मोजणारा दर वेळी एकाऐवजी दोनने खाली येतो. तो तसाच वाचला तर सगळे वेळ दुप्पट दिसतात, शिवाय २७ मिलिसेकंदांनी आकडा पुन्हा वरून सुरू होतो. म्हणून आधी मोड २ लावा : हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) ४३ या पोर्टवर, म्हणजे चिपशी बोलायच्या पत्त्यावर, हेक्स ३४ पाठवा, मग हेक्स ४० वर शून्य दोनदा. टिकचा वेग तोच राहतो, डॉसची वेळ बिघडत नाही. वाचताना आधी ४३ वर शून्य पाठवून आकडा गोठवा आणि मग ४० वरून खालचा व वरचा बाइट घ्या. हे करताना इंटरप्ट (प्रोसेसरचं काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद हवेत आणि मोजायचा तुकडा ५४ मिलिसेकंदांच्या आत संपला पाहिजे. बाहेर पडताना ४३ वर हेक्स ३६ आणि मग ४० वर पुन्हा शून्य दोनदा पाठवून मोड ३ परत लावून द्या. पोर्ट ४१ ला मात्र हात लावू नका. टायमरची ती वाहिनी मेमरीचं रिफ्रेश चालवते. ती बिघडली की मेमरीतला मजकूर पुसला जाऊन मशीन लटकतं.

आता महत्त्वाचं. वेग मोजणारा प्रोग्रॅम अनोळखी मशीनवर नेण्याआधी ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं काम त्याच्याकडून मोजून घ्या. ४.७७ मेगाहर्ट्झचा एक्सटी यासाठी उत्तम. त्याचं प्रोसेसर-घड्याळ आणि टायमर एकाच १४.३१८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून निघतात, एक तीनने भागून, दुसरं बाराने. त्यामुळे टायमरचं एक एकक म्हणजे प्रोसेसर-घड्याळाचे बरोबर चार ठोके. असेंब्लरमध्ये आरईपीटी (एकच ओळ अनेकदा लिहून देणारा आदेश) वापरून १००० एनओपी (काहीच न करणाऱ्या सूचना) सरळ ओळीत ठेवा, लूप नको. पुस्तकात एनओपीला तीन ठोके दिलेत, पण ८०८८ ची बस (मेमरीशी जोडणारा मार्ग) ८ बिटांची आहे आणि प्रत्येक बाइट आणायला तिला चार ठोके लागतात. प्रोसेसर उपाशी बसतो आणि प्रत्येक एनओपीला चारच ठोके पडतात. म्हणजे ४००० ठोके, टायमरची १००० एककं. त्यावर मेमरी-रिफ्रेशचे ५-६ टक्के जातात. दर १५ मायक्रोसेकंदांनी डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीशी बोलणारी यंत्रणा) बस काढून घेतं, ते टळत नाही. मोजण्याच्या सूचनांचा स्वतःचा खर्च, एनओपी न घालता एकदा मोजून, वजा केला की उत्तर १०५० ते १०७० च्या दरम्यान यायला हवं.

उत्तर २१०० च्या आसपास आलं, तर मोड ३ तसाच राहिला आहे. ७५० आलं, तर तुम्ही खऱ्या मशीनवर नसून पुस्तकातले ठोके मोजणाऱ्या एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) आहात. प्रत्येक फेरीत वेगळं येत असेल तर इंटरप्ट बंद झालेले नाहीत. टर्बो एक्सटी ८ मेगाहर्ट्झवर असेल तर ६०० च्या थोडं वर अपेक्षित आहे, कारण तिथे टायमर तोच राहतो आणि प्रोसेसर तेवढा पळतो. ही परीक्षा पास झाल्याशिवाय त्या प्रोग्रॅमचा एकही आकडा वहीत लिहू नका.

प्रश्न : घरच्या एक्सटीत प्रोसेसर काढून एनईसी व्ही२० बसवला. एक जुना प्रोग्रॅम वेग खूपच वाढल्याचं सांगतो, पण डीबेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये फारसा फरक जाणवत नाही. चिप बनावट आहे का?
— निवृत्त लेखापाल, होटगी रोड

उत्तर : एवढ्यावरून चिप बनावट ठरत नाही. त्या काळच्या काही प्रोग्रॅमांत गुणाकार-भागाकाराला फार वजन होतं. ८०८८ ला १६ बिटांच्या एका गुणाकाराला ११८ ते १३३ ठोके लागतात, व्ही२० ला तिसाच्या आसपास. पण डेटाबेस गुणाकार करत नाही, तो बाइट हलवतो आणि डिस्कची वाट पाहतो. बस तीच ८ बिटांची राहिली, म्हणून तिथे फायदा थोडाच. गुणाकार, मेमरी-कॉपी आणि स्क्रीनवर लिहिणं हे तीन वेग वेगवेगळे दाखवणारा प्रोग्रॅम वापरा. तिन्हींची एकच बेरीज दाखवणारा प्रोग्रॅम या कामाला निरुपयोगी.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी यातच एक सूचना. व्ही२० ला ८०१८६ (८०८८ च्या पुढचा प्रोसेसर) च्या जादा सूचना कळतात, ८०८८ ला कळत नाहीत. कंपायलरचा पर्याय चुकून १८६ किंवा २८६ वर राहिला तर प्रोग्रॅम व्ही२० वर सुरळीत चालेल आणि खऱ्या ८०८८ वर अडकेल. ८०८८ ‘अशी सूचना नाही’ म्हणून थांबत नाही, भलतंच काहीतरी करत सुटतो. त्यामुळे चाचणीसाठी दोन्ही प्रोसेसर हवेत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या कचेरीतला ४८६ प्रोसेसरचा पीसी मिळाला. संध्याकाळी बायोस सेटिंग करून चाचणी घेतली, आकडा चांगला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रोग्रॅम जवळजवळ निम्मा आकडा देतो. प्रोसेसर खराब होतोय का?
— जुळे सोलापूर

उत्तर : प्रोसेसर ठणठणीत असेल. बॅटरी पाहा. सकाळी तारीख-वेळ चुकलेली दिसते का? रात्रभर वीज बंद राहिली की सेटिंग पुसलं जातं आणि बायोस स्वतःच्या सावध किमतींवर येतो. त्यात बाहेरची कॅश (प्रोसेसरबाहेरची छोटी, वेगवान मेमरी) बंद आणि मेमरीला जादा थांबे असू शकतात. अवॉर्ड बायोसमध्ये ‘लोड बायोस डिफॉल्ट्स’ म्हणजे या सावध किमती आणि ‘लोड सेटअप डिफॉल्ट्स’ म्हणजे वेगाच्या. नावं सारखी, परिणाम उलटे.

झाकण उघडा. कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या वेष्टणातली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असेल, तर ती चालू असो वा नसो, आजच कापून काढा. गळालेला द्रव अल्कधर्मी असतो आणि तांब्याच्या रेषा खात जातो. हिरवट-पांढरा थर दिसला तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसा, मग स्वच्छ पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. नंतर रेषा मल्टिमीटरने एकेक तपासा. कीबोर्ड न चालणं हे या गळतीचं नेहमीचं लक्षण.

बोर्डवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा जोड असेल तर तीन पेन्सिल सेलचा होल्डर लावा आणि जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बाहेरच्या बॅटरीवर न्या. होल्डर वायरने बोर्डापासून लांब, कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवा. तसा जोड नसेल आणि जुन्या जागीच सेल जोडायचे असतील तर मालिकेत १एन४१४८ डायोड हवाच. नाहीतर बोर्ड त्या सेलना चार्ज करायला जाईल आणि ते फुटतील.

टॉवेल कारखान्यातलं मशीन आहे म्हणून आणखी एक : पॉवर सप्लायमध्ये कापसाचं तूस नक्की साचलेलं असणार. वीज काढून, ते साफ करूनच मशीन पुन्हा चालू करा.

प्रश्न : बायोस २५६ केबी कॅश असल्याचं दाखवतो. विकणाराही तेच सांगतो. प्रोग्रॅमने खात्री कशी करायची?
— बाळे

उत्तर : खात्री कराच, कारण ४८६ च्या काळात काही स्वस्त बोर्डांवर कॅशच्या जागी प्लॅस्टिकचे पोकळ तुकडे बसवून बायोसला खोटं बोलायला लावलेलं आढळतं. चाचणीत ४, १६, ६४, १२८, २५६ आणि ५१२ केबीचे मेमरीचे तुकडे आरईपी एलओडीएसडीने (मेमरी ओळीने वाचणाऱ्या प्रोसेसर-सूचनेने) वाचा. प्रत्येक तुकडा एकदा न मोजता वाचायचा, मग मोजायचा, नाहीतर कॅश भरण्याचाच वेळ मोजला जाईल. ६४ केबीच्या पुढे सेगमेंट (मेमरीचा ६४ केबीचा विभाग) बदलत जावं लागतं. ५१२ केबीसाठी मेमरी जवळजवळ मोकळी हवी, म्हणून ड्रायव्हर न लावता बूट करा.

४८६डीएक्समध्ये आत ८ केबी कॅश असते, पण तिच्यात प्रोग्रॅमचा कोडही बसतो, म्हणून आतल्या कॅशचा आकडा ४ केबीवर घ्यावा. १६ केबीला वेग एक पायरी उतरेल आणि तिथून १२८ पर्यंत सपाट राहील. २५६ ला कड थोडी घसरती दिसेल आणि ५१२ ला दुसरी पायरी उतरलेली असेल. पहिल्या पायरीनंतर शेवटपर्यंत एकच सपाट रेघ असेल तर संशय घ्या. बायोसमध्ये बाहेरची कॅश बंद करून पुन्हा मोजा. एकाही आकड्यात फरक पडला नाही, तर त्या चिपा शोभेच्या आहेत किंवा त्यांचे जंपर चुकले आहेत. चिपा मोजूनही बघा : साधारणपणे ३२ केबीच्या आठ आणि टॅगची (कॅशमध्ये कोणत्या पत्त्यांचा मजकूर आहे ते लक्षात ठेवणारी) एक वेगळी.

प्रश्न : चाचणीच्या आकड्यात एप्रिल-मेच्या उन्हामुळे फरक पडतो का? आमच्याकडे पूर्व भागात यंत्रमागांमुळे व्होल्टेजही खालीवर होतं.
— पूर्व भाग

उत्तर : आकड्यात नाही. घड्याळ क्वार्ट्झचं आहे, उन्हाने त्यात पडणारा फरक दशलक्षात काही भागांचा. आणि हे प्रोसेसर तापले म्हणून स्वतःहून हळू होत नाहीत. ते सरळ लटकतात, किंवा पॅरिटी एरर (मेमरीत चूक झाल्याचा इशारा) येते. ४० अंशांच्या दुपारी ४८६डीएक्स२ला पंखा नसेल तर लांब चाचण्या पहाटे घ्या. व्होल्टेज झपकन खाली गेलं तर मशीन रिसेट होईल, चुकीचा आकडा देणार नाही. तरी यूपीएस लावा, जुन्या हार्ड डिस्कसाठी.

प्रश्न : कॅबिनेटवरचा डिस्प्ले ६६ दाखवतो, प्रोग्रॅम ३३ म्हणतो. कोण खरं?
— विजापूर रोड

उत्तर : प्रोग्रॅम खरा असण्याची शक्यता जास्त. तो डिस्प्ले काही मोजत नाही. त्याच्या मागच्या जंपरने जो आकडा बसवला तोच दिसतो, हवं तर ९९ लावा. टर्बोचं (वेग कमी-जास्त करणारं) बटण मदरबोर्डाला जोडलेलं आहे का, ते आधी पाहा. मग प्रोसेसरवरचं छापील नाव वाचा.

प्रश्न : टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला एक बेंचमार्क ३८६ वर चालतो, पेंटियम टू वर उघडताच ‘रनटाइम एरर २००’ देतो.
— मंगळवेढे

उत्तर : टर्बो पास्कलचं सीआरटी युनिट (स्क्रीन, कीबोर्ड आणि डीले म्हणजे ठरावीक वेळ थांबणं सांभाळणारा तयार भाग) सुरू होताना ५५ मिलिसेकंदांत किती लूप होतात ते मोजून त्याला ५५ ने भागतं. मशीन फार वेगवान असलं की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही, आणि प्रोसेसर त्याला शून्याने भागल्याइतकीच चूक मानतो. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे हे होतं. सोर्स तुमच्याकडे असेल तर सीआरटी युनिट काढून टाका किंवा दुरुस्त केलेलं युनिट वापरा. बेंचमार्कला डीले लागतोच कुठे?

प्रश्न : प्रोग्रॅम जुन्या मशीनवर न्यायचा कसा? १.२ एमबी ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी एक्सटी वाचत नाही.
— बार्शी

उत्तर : १.२ एमबी ड्राइव्हचं हेड अरुंद असतं. ३६० केबी ड्राइव्हने आधी लिहिलेल्या फ्लॉपीवर ते पुन्हा लिहितं तेव्हा जुन्या रुंद रेघेच्या कडा उरतात आणि एक्सटीचं हेड दोन्ही एकदम वाचतं. कधीच फॉरमॅट न झालेली किंवा चुंबकाने पूर्ण पुसलेली दुहेरी घनतेची फ्लॉपी घ्या, १.२ च्या ड्राइव्हवर ‘फॉरमॅट ए: /४’ करा आणि लिहा. तरी जमलं नाही तर सिरियल केबल. एमएस-डॉस ६ मधला इंटरएसव्हीआर (केबलवरून फाइली नेणारा प्रोग्रॅम), /आरकॉपी दिल्यावर, सात तारांच्या नल मोडेम केबलवरून स्वतःच पलीकडच्या मशीनवर उतरतो. त्यासाठी पलीकडे मोड ही कमांड असली पाहिजे. तीन तारांची केबल या कामाला चालत नाही.

चाचणीआधी एमएस-डॉस ६ मध्ये एफ५ दाबून बूट करा. जुन्या डॉसवर ‘फॉरमॅट ए: /एस’ केलेली कोरी फ्लॉपी वापरा. ईएमएम३८६ (मेमरी सांभाळणारा डॉसचा ड्रायव्हर) लागलेलं असलं तर प्रोसेसर व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये असतो आणि इंटरप्ट व पोर्टचे आकडे हळू येतात. २८६ आणि पुढच्या प्रोसेसरवर एसएमएसडब्ल्यू या, प्रोसेसरची स्थिती सांगणाऱ्या सूचनेचा सर्वांत खालचा बिट १ आला तर प्रोग्रॅमने मोजायला नकार द्यावा, ही ओळ तुमच्या कोडमध्ये जरूर घाला. निकाल कळवताना प्रोसेसरवरचा छापील मजकूर, बोर्डावरच्या क्रिस्टलचा मेगाहर्ट्झमधला आकडा, बायोसची तारीख, डॉसची आवृत्ती, कॅश चालू की बंद, आणि पाच फेऱ्यांचे पाचही आकडे लिहा. नुसती सरासरी पाठवू नका. पाचांतला एक वेगळा पडला असेल, तर दोष कुठे आहे ते बहुधा त्याच आकड्यावरून सापडतं.