पाऱ्याच्या टार्गेटमधून किरणोत्सारी वायू सुटतात असं वाचलं. आम्ही औंधला राहतो, पुणे विद्यापीठातल्या ॲक्सलरेटरचा आम्हाला धोका आहे का?

नाही, तेवढी काळजी सोडा. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातला मायक्रोट्रॉन हा ॲक्सलरेटर इलेक्ट्रॉनचा, ऊर्जा जेमतेम काही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यात पारा नाही. तुम्ही वाचलेली टार्गेटं अमेरिकेत ओक रिजला आणि जपानमध्ये तोकाईला आहेत. तिथे अब्जावधी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन वाहत्या पाऱ्यावर आदळतात. एकेका प्रोटॉनमागे वीसेक न्यूट्रॉन सहज सुटतात, हवे असतात तेच. पण पाऱ्याच्या केंद्रकाचे तुकडेही होतात आणि शेकडो प्रकारचे किरणोत्सारी अणू तयार होतात.

मी इथल्याच एका रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी बघतो. दर तिमाहीला सगळ्यांचे टीएलडी बॅज (अंगावर लावायचे, मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारे) गोळा करून तपासायला धाडायचे, असलं काम. पाऱ्याशी संबंध नाही, पण काय तयार झालं यापेक्षा त्यातलं बाहेर किती आलं हे आधी बघायची सवय लागलीय.

तयार झालेलं बरंचसं पाऱ्यातच राहतं किंवा पोलादी भांड्याला आतून चिकटतं. निसटतात ते झेनॉन-क्रिप्टॉनसारखे निष्क्रिय वायू, ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) आणि खुद्द पाऱ्याची वाफ. तीही किरणोत्सारी, कारण तिच्यात पारा-२०३ असतो, त्याचं अर्धायुष्य सुमारे ४७ दिवस. ओक रिजची गंमत अशी की तिथे सेकंदाला प्रोटॉनचे ६० धक्के बसून पाऱ्यात पोकळ्या होतात आणि भांड्याला आतून खड्डे पडतात. उपाय म्हणून पाऱ्यात हेलियमचे बारीक बुडबुडे सोडले. भांडं जास्त टिकू लागलं, पण हेच हेलियम विरघळलेले वायू सोबत घेऊन वर येतं, म्हणजे वायुशुद्धीकरणावरचा भार वाढला. एक दुखणं बरं करायला दुसरं!

पाऱ्याऐवजी वितळलेलं शिसे-बिस्मथ वापरलं, तर त्या टार्गेटचं भय बिस्मथपासून बनणाऱ्या किरणोत्सारी पोलोनियम-२१०चं. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली असं टार्गेट काही महिने चालवलं होतं. माझ्या मते या पोलोनियमचा बागुलबुवा जास्त झालाय. ते वितळलेल्या धातूत घट्ट धरलेलं असतं, दोन-तीनशे अंशांना फार थोडं उडतं. भांडं फुटून धातू सांडला, तर मात्र गोष्ट वेगळी.

आणि खरी गळती झाली ती तोकाईच्याच संकुलात, मे २०१३मध्ये, तीही सोन्याच्या घन टार्गेटमधून. दोन सेकंदांत सोडायचे प्रोटॉन ५ मिलिसेकंदांत सुटले आणि सोनं वितळलं. ३४ जणांना किरणोत्सर्गाची मात्रा मिळाली, जास्तीत जास्त १.७ मिलिसिव्हर्ट (हे मात्रेचं एकक). आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आहे, म्हणजे आकडा छोटाच. मला खटकलं ते दुसरंच: हॉलमधली किरणोत्सर्गाची पातळी वाढली म्हणून एक्झॉस्ट पंखे लावले, आणि त्या पंख्यांना फिल्टरच नव्हते.