कावळ्याएवढा काळा सुतार?

प्रश्न: पश्चिम घाटातल्या जंगलात कावळ्याएवढा काळा सुतार पक्षी दिसला, डोक्यावर लाल तुरा होता, पण लगेच उडाला. कोणता असेल?

उत्तर: पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतारच वाटतोय, कारण तिकडे एवढा मोठा, जवळपास 48 सेंमीचा, दुसरा सुतार नाहीच, सोनेरी पाठीचे सगळे बरेच लहान. उडताना कंबर, म्हणजे शेपटीच्या मुळाजवळची पाठ, पांढरी दिसली का आठवा. कपाळापासून अख्खा तुरा लाल आणि गालावरपण लाल पट्टा असेल तर नर, मादीचं लाल फक्त डोक्याच्या मागच्या बाजूला. परत शोधताना डोळ्यांआधी कान वापरा, ठोकण्याचा आवाज लांबवर जातो, आणि वाळलेली जाड झाडं बघत जा, मुंग्या-अळ्यांसाठी हा तिथे येतो. फोटो ब्लर आला तरी डिलीट करू नका हो, कंबर दिसली तरी पुरे.