पिकअपला दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवलं, आता पासिंग अडलंय

दापोली तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. 2012 ची मालवाहू पिकअप. एरवी हर्णैची मासळी, हंगामात आंब्याच्या पेट्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कुंभार्ली घाट चढताना इंजिन जाम झालं. घाटापलीकडच्या एका गॅरेजवाल्यानं 90 हजारांत दुसऱ्याच कंपनीचं जुनं, जास्त ताकदीचं इंजिन चढवून दिलं. मूळ इंजिन त्यानंच ठेवून घेतलं. गेल्या महिन्यात गाडी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला नेली, निरीक्षकांनी इंजिन नंबर आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) ताडून पाहिला आणि लेखी नकार दिला. आता एजंट म्हणतो, आरसीवरचा नंबर या इंजिनावर ठोकून देतो. ओळखीचे म्हणतात, 14 दिवसांत कळवायचं राहिलं एवढीच चूक आहे, दंड भरा आणि मोकळे व्हा. वाचकाचा प्रश्न असा की, नोटरीचं प्रतिज्ञापत्र चालेल, की कोल्हापूरला हायकोर्टात जावं लागेल?

गुहागर, राजापूर, देवगडहूनही याच धर्तीची पत्रं येत असतात. गाडीचं मॉडेल तेवढं वेगळं. म्हणून आरसी म्हणजे काय, पासिंग का लागतं, यात वेळ घालवत नाही. तुमचं सगळं प्रकरण एका कलमावर उभं आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52.

या कलमाच्या पहिल्याच पोटकलमात म्हटलंय की उत्पादक कंपनीनं गाडीचा जो मूळ तपशील ठरवून दिला, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करायचा नाही. तुमचे ओळखीचे जे 14 दिवस सांगतात ते पुढे, तिसऱ्या पोटकलमात येतात. परवानगीशिवाय बदल झाला असेल तर 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी नोंदीसाठी द्यायची, असं ते आहे. लोक हे तिसरं पोटकलम वाचतात आणि पहिलं सोडून देतात. जो बदल पहिल्या पोटकलमानं मुळातच बंद केलाय, तो 14 दिवसांत कळवला तरी कायदेशीर होत नाही. तुम्ही 13 महिने गप्प राहिलात हे वाईटच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन कळवलं असतंत तरी या इंजिनाची नोंद व्हायला नको होती.

इंजिनाच्या बाबतीत कायद्याचं मन कुठे आहे हे दुसऱ्या पोटकलमात दिसतं. ज्यांच्याकडे निदान 10 व्यावसायिक वाहनं आहेत, अशा मालकांना राज्य सरकार दर वेळी परवानगी न घेता इंजिन बदलण्याची मुभा देऊ शकतं. पण ते इंजिन त्याच मेकचं, म्हणजे त्याच कंपनीचं, आणि त्याच प्रकारचं हवं. दहा गाड्यांच्या मालकालाही जी सूट नाही, ती एका गाडीवर पोट असलेल्या माणसाला मिळेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं: उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाला धक्का लावता येत नाही, बाकीच्या नोंदी नियमांप्रमाणे बदलता येतात. या निकालानंतर खालच्या कुठल्या कार्यालयानं तुमच्यासाठी वेगळा अर्थ लावावा, अशी अपेक्षा धरू नका.

हा नुसता कागदाचा हट्टही नाही. आपल्याकडे गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत तपासलं जातं. ब्रेक, वजन, धूर हे सगळं त्या ठरावीक इंजिनासकट तपासतात. जास्त ताकदीचं इंजिन आलं तरी ब्रेक जुनेच राहतात, आणि बर्फ घातलेल्या मासळीचं ओझं घेऊन तुम्ही घाट उतरता. पीयूसी निघाली म्हणून इंजिन मान्य झालं, असंही समजू नका. तिथे धूर मोजतात, इंजिन कुणाचं ते पाहत नाहीत. सीएनजी किट किंवा बॅटरीसाठी कायद्यात वेगळी वाट आहे, तिच्या अटीही वेगळ्या. तुमच्या गाडीला ती लागू नाही.

आता त्या एजंटबद्दल. त्याचा फोन पुन्हा उचलू नका. आज तुमच्यावर आहे तो मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा. कलम 182अ मध्ये 1 सप्टेंबर 2019 पासून बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नंबर ठोकलात की प्रकरण फसवणूक आणि बनावटगिरीत जातं, पोलीस ठाण्यात जातं. शिवाय ते इंजिन कुठल्या गाडीतून निघालं हे तुम्हाला ठाऊकच नाही! 90 हजार रुपये मोजलेत आणि साधं बिल मागितलं नाहीत, याचा मला खरोखर राग आला. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली चौकशी तुमच्या दारात येईल. माहीत असून घेतलं का, हा तिथला खरा मुद्दा असतो. बिल नाही आणि वर नंबर खोडलेला, अशा अवस्थेत ‘मला माहीत नव्हतं’ यावर कोण विश्वास ठेवील?

मग करायचं काय? पत्र मिळाल्या मिळाल्या त्या गॅरेजवाल्याला फोन करा आणि एकच विचारा: माझा जुना ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, आहे का?

बाकी सगळ्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तो ब्लॉक भंगारात वितळला नसेल, तडा गेलेला नसेल, तर बोअर करून, लायनर, पिस्टन, क्रँक घालून तेच इंजिन पुन्हा उभं करता येतं. ती दुरुस्ती झाली, बदल नव्हे. आरसीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर एकच राहिला की कलम 52 चा प्रश्नच उरत नाही. माउंटिंग बसवायला चेसीवर कापाकापी किंवा वेल्डिंग केलं असेल तर तेही मूळपदावर आणावं लागेल. खर्च येईल. पण मूळ ब्लॉकसाठी थोडे जास्त पैसे मागितले तरी द्या, आणि या वेळी बिल घ्या.

ब्लॉक गेला असेल तर दुसरी वाट: त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं इंजिन. ते बसवण्याआधी, बसवल्यावर नव्हे, रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात अर्ज देऊन लेखी परवानगी घ्या. अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं तर जीएसटीचं बिल मिळेल आणि काम सोपं होईल. जुन्या गाडीतून काढलेलं घेणार असाल तर त्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द झाल्याचा कागद इंजिनाबरोबर आलाच पाहिजे. याशिवाय आणखी कुठले कागद मागतील, हे कार्यालयात विचारूनच ठरवा. इतक्या जुन्या गाडीवर हा खर्च परवडतो का, हा हिशेब मात्र तुमचा तुम्हीच करायचा.

पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: ‘सध्या रात्रीचीच गाडी काढतो.’ हे ताबडतोब थांबवा. कलम 56 प्रमाणे फिटनेस प्रमाणपत्र नसलेलं व्यावसायिक वाहन वैध नोंदणी असलेलं मानलंच जात नाही. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेअर आधी चेसी आणि इंजिन नंबर पाहील. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जवळजवळ गेला असंच धरा. समोरच्या जखमीला कंपनी भरपाई देईल की नाही आणि दिली तर तुमच्याकडून वसूल करील का, हे प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर ठरतं, आधी सांगता येत नाही. पण पायी जाणारं एखादं माणूस अंधारात तुमच्या गाडीखाली सापडलं, तर घर-बाग विकून भरपाई द्यायची पाळी येऊ शकते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तुमचं भाडं तसंही कमी होणार, तेव्हा हेच दोन महिने गाडी उभी करून कामाला लावा. नारळी पौर्णिमेला होड्या लोटल्या जातील तेव्हा पासिंग हातात असायला हवं.

हायकोर्टाबद्दल. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी-सिंधुदुर्गाला मुंबईची फेरी वाचली, याचा मला आनंदच आहे. म्हणून प्रत्येक नकारावर तिकडे धावायचं नसतं. निरीक्षकांनी कायद्याप्रमाणे नकार दिलाय, त्यावर हायकोर्टात रिट याचिका करून मागणार काय? तारखा पडत राहतील, गाडी अंगणात गंजेल, वकिलाची फी चालू राहील. आणि जो बदल कायद्यानंच बंद केलाय, तो प्रतिज्ञापत्रानं खुला होत नाही. त्या कागदावर तुम्ही स्वतःच्या सहीनं गुन्ह्याची कबुली तेवढी द्याल.

गॅरेजवाल्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. मुदत दोन वर्षांची आहे, त्यातले 13 महिने तुम्ही घालवलेत. गाडी व्यवसायाची असली तरी स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल, तर कायदा तुम्हाला ग्राहक मानू शकतो. ‘मालकानंच मागितलं ते बसवलं’ असं तो म्हणेल आणि त्याला उत्तर देणं जड जाईल, म्हणून निकालाची खात्री देत नाही. पैसे यूपीआयनं दिले असतील तर त्या नोंदी आणि त्याच्याशी झालेले मेसेज जपून ठेवा. मोबाईल बदलताना ते पुसले गेले की तक्रारीत काही उरणार नाही.

पत्रासोबत आरसीची झेरॉक्स जोडलीत, पण निरीक्षकांच्या नकाराची प्रत जोडली नाहीत. ती लगेच पाठवा. कलम 57 खाली अपिलाला आदेशाची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवस असतात. इंजिनाच्या मुद्द्यावर अपील टिकेलसं मला वाटत नाही, पण त्या कागदात दुसरं काही कारण लिहिलं असेल तर ते मला पाहायला हवं, आणि तुमचा महिना संपत आलाय.