पुरस्काराच्या अर्जाला आधी सँड प्लांटची वही जोडा, ग्राफ नंतर

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहात, वर्षभरात रिजेक्शन, म्हणजे बाद नगांचा टक्का, जवळपास निम्म्यावर आणलंय, अभियंता दिनाला आपल्याकडच्या इंजिनिअर मंडळींच्या संस्थेचे पुरस्कार असतात त्याचा अर्ज भरायला साहेबांनी सांगितलंय. आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अर्जात ग्राफ किती आणि कसले घालावेत, आणि त्याच संस्थेचे प्रशिक्षण वर्ग पैसे भरून करण्यासारखे असतात का. पहिला प्रश्न वाचला आणि मला २०२२ चा ऑगस्ट आठवला. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, मी कुठल्याही निवड समितीवर नाही, कधी नव्हतो. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे यंदाचं माहितीपत्रक हेच खरं. सह्या कोणाच्या, फोटो किती, प्रती किती हे सगळं त्यात असतंच, ते सोडून देतो.

आमची फाउंड्री मध्यम आकाराची. ग्रे आयर्न म्हणजे बीड, बहुतेक काम त्यातल्या एफजी २६० या ग्रेडचं, मोल्डिंग ग्रीन सँडचं, म्हणजे साचे ओलसर वाळूचे. २०२१ च्या पावसाळ्यात ब्लो होलनी, म्हणजे ओल्या वाळूची वाफ धातूत अडकून पडणाऱ्या पोकळ्यांनी, आम्हाला पार जेरीला आणलं होतं. कारण शोधायला तीन महिने गेले आणि सापडलं ते अगदी साधं होतं. नवी वाळू एका बाजूने उघड्या शेडमध्ये पडलेली, जुलैच्या पावसाची झड थेट तिच्यावर. त्यात मिक्सरला पाणी घड्याळावर सोडायचे, म्हणजे व्हॉल्व्ह अमुक इतके सेकंद उघडा ठेवायचा, मग आत येणारी वाळू कोरडी असो नाहीतर भिजलेली. आम्ही शेड बंद केली, रिटर्न सँड, म्हणजे साच्यातून परत येणारी गरम वाळू, थंड व्हायला वेळ दिला, आणि पाणी घड्याळावर न सोडता दर अर्ध्या तासाला कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे वाळू दाबल्यावर किती बसते ते, बघून सोडायला लागलो. सप्टेंबरअखेर हे सगळं बसलं. एवढंच काम. तुमचंही बहुधा असंच काहीतरी असेल, कारण कोल्हापूरच्या पावसात वाळूने कोणाला सोडलेलं नाही.

आता चूक सांगतो.

आमच्या सँड प्लांटवर, म्हणजे साच्यांची वाळू तयार होते तिथे, एक मामा होते. सत्तावीस वर्षं त्याच मिक्सरपाशी. मूठभर वाळू घ्यायची, दाबायची, मधोमध मोडायची आणि कड बघायची, एवढ्यावर ते ओलावा सांगायचे आणि मॉइश्चर टेस्टर फार वेगळं काही सांगायचा नाही. या मामांनी जून २०२० पासून स्वतःहून एक वही ठेवली होती. निळ्या पुठ्ठ्याची लांब रजिस्टर वही. पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या, मधल्या शिवणीत बेंटोनाइटची, म्हणजे वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीची, पूड बसलेली, एका पानावर चहाच्या कपाचा गोल. प्रत्येक शिफ्टला एक ओळ: ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी, बेंटोनाइटच्या पिशव्या, ओतलेले नग, आणि शेवटच्या रकान्यात दुसऱ्या दिवशी फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेले नग साफ करतात तिथे, जाऊन स्वतः विचारून आणलेला आकडा, म्हणजे बाद झालेले नग आणि त्यातले वाळूमुळे किती. ओलावा चार टक्क्यांच्या वर गेला की ती ओळ लाल शाईत. जुलै २०२१ ची पानं जवळजवळ सगळी लाल होती.

आणि मी ती वही अर्जाला जोडली नाही.

मला ती कळकट वाटली. वाटलं, समितीपुढे असली वही काय ठेवायची, कॉम्प्युटरवर झकास ग्राफ काढू. आधीच्या सहा महिन्यांचे आकडे डिस्पॅचच्या क्लार्ककडून घेतले, नंतरच्या सहा महिन्यांचे मेल्टिंगच्या शीटवरून. आधीचा निळा खांब, नंतरचा हिरवा खांब, रिजेक्शन ९.८ टक्क्यांवरून ४.१. रंगीत प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग केलं. पाहून सगळे खूश.

सादरीकरणाला बारा मिनिटं होती. मी बोलून झालं. समितीत एक ज्येष्ठ सर होते, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या दिवसांपासून काम केलेले. त्यांनी तिसरं पान उघडलं, हिरव्या खांबावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा टक्का नगांचा की वजनाचा?"

मी म्हटलं, वजनाचा.

बोट निळ्या खांबावर गेलं. "आणि हा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. डिस्पॅचचा क्लार्क नग मोजतो. मेल्टिंगची शीट किलोत असते. आमच्याकडे लहान नगच जास्त बाद व्हायचे, त्यामुळे वजनावर टक्का आपोआप कमी दिसतो. मी दोन वेगळ्या मापांची तुलना करून खाली सही केली होती. मुद्दाम नव्हे, पण कागदावर ते मुद्दाम केल्यासारखंच दिसतं.

सर थांबले नाहीत. "तुमचे आधीचे महिने एप्रिल ते सप्टेंबर, नंतरचे ऑक्टोबर ते मार्च. सगळा पाऊस एका बाजूला आणि सगळे कोरडे महिने दुसऱ्या बाजूला. शिवाय त्यात जुलैचा पूर. वाळूच्या कामाला ही तुलना चालेल का?" जुलै २०२१ ला महामार्गावर पाणी आलं होतं, आमचं उत्पादन बंद होतं, आणि पुन्हा सुरू केल्यावरच्या पहिल्या काही हीट, म्हणजे भट्टीचे घाणे, नेहमीच वाईट जातात. ते सगळं माझ्या निळ्या खांबात मिसळलेलं.

"मूळ नोंद कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, प्लांटवर आहे सर, अर्ध्या तासात आणतो. त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं की मुदतीनंतर कागद घेता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. बाकीच्या अर्जदारांवर तो अन्याय झाला असता.

मामा बाहेर बाकावर बसले होते. सांघिक अर्ज होता, त्यांचं नाव त्यात होतं, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. परत येताना गाडीत त्यांनी एकच विचारलं, "वही बघितली का त्यांनी?"

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. एकाच मापात, म्हणजे नगांवर, आणि एकाच ऋतूत, म्हणजे २०२१ चे जून-जुलै विरुद्ध २०२२ चे जून-जुलै, पुराचे दिवस बाजूला काढून. ९.८ वरून ५.६ आलं. ४.१ इतकं देखणं नाही, पण खरं, आणि पुरावा प्रत्येक ओळीला. हाच आकडा घेऊन गेलो असतो तर निकाल काय लागला असता मला माहीत नाही. पण मामांची वही त्या टेबलावर असायला हवी होती एवढं नक्की. पुढच्या वर्षी परत भरावा म्हटलं तर काम अलीकडच्या काळातलं असण्याची अट आडवी आली, आणि मामा मार्च २०२३ ला निवृत्त झाले.

म्हणून ग्राफबद्दल माझं मत असं: एक पुरे. त्याच्याखाली तीन गोष्टी ठळक लिहा. टक्का कशाचा, कोणत्या महिन्यांचा, आणि मूळ नोंद कोणी ठेवली. मग त्या नोंदीच्या पानांच्या झेरॉक्स, डाग पडलेल्या असल्या तरी तशाच, पुन्हा टाइप न करता. मशीन शॉपमधून किंवा ग्राहकाकडून परत आलेले नग धरलेत की नाही तेही लिहा. ब्लो होल कातडीखाली असतो, तो बऱ्याचदा मशीनिंगला उघडा पडतो. फक्त फेटलिंगपर्यंतचं रिजेक्शन दाखवाल तर जाणता माणूस पहिला प्रश्न तोच विचारेल. आणि सुधारणा वाटली होती त्यापेक्षा कमी दिसतेय म्हणून घाबरू नका. ज्यांनी आयुष्य भट्टीपुढे काढलंय त्यांना ५.६ ची किंमत कळते.

दुसरी गोष्ट, ना-हरकत पत्र. याने माझे सहा आठवडे खाल्ले आणि अजूनही आठवलं की राग येतो. कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, ग्राहकाच्या ड्रॉइंगचं, म्हणून आमचं काम अर्जात दाखवायला त्यांचं पत्र हवं. त्या कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्यांदा गेलो तर खरेदी विभागाने क्वालिटीकडे पाठवलं. क्वालिटीने पुन्हा खरेदीकडे. मग कळलं की फाइल "लीगलला" आहे. लीगल म्हणजे पुण्यात बसणारी एक व्यक्ती, जिचा फोन कोणी देत नव्हतं. मेल पाच केले, उत्तर एकालाही नाही. हीच माणसं नग दोन दिवस उशिरा गेला तर रात्री अकराला फोन करतात. एका ओळीचं पत्र होतं हो ते! शेवटी मुदतीच्या दोन दिवस आधी मिळालं, आणि त्या धावपळीत अर्जाचा मजकूर दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचा राहिला. कोणी वाचला असता तर नग आणि वजनाचा घोळ त्याच दिवशी सापडला असता, असं मला अजून वाटतं.

तुम्ही पत्राच्या नादी लागण्याआधी साहेबांना विचारा की ग्राहकाचं नाव खरंच हवंय का. बहुतेक वेळा नसतं. "पंपाचं हाउसिंग, वजन साधारण बारा किलो" एवढं पुरतं. पार्ट नंबर झाका, ड्रॉइंग जोडू नका. फोटो काढताना एक बघा, ग्राहकाचा लोगो कास्टिंगवरच उठावात असतो. आमच्या पहिल्या फोटोत तो स्पष्ट दिसत होता, सगळे फोटो उलट्या बाजूने पुन्हा काढले.

आता प्रशिक्षण वर्ग. यावर माझी मतं जरा कडक आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या. प्रमाणपत्रासाठी जाऊ नका. हॉटेलातला दोन दिवसांचा कार्यक्रम असेल तर आधी फोन करून विचारा की बोलणारा माणूस कोण आणि प्रश्नांना वेळ किती. बाइंडर किंवा रेझिन, म्हणजे वाळू बांधायचे पदार्थ, विकणाऱ्या कंपनीचा माणूस बोलणार असला तरी मी जातो, पण त्यांचा माल कोणत्या परिस्थितीत चालत नाही हे विचारतो. जे सरळ उत्तर देतात त्यांच्याकडून भरपूर शिकायला मिळतं. मला सगळ्यात उपयोगी पडलेला वर्ग तीन तासांचा होता, संध्याकाळचा, फी नाममात्र. अट एकच: प्रत्येकाने आपलं एक बाद कास्टिंग पिशवीतून आणायचं. लांब टेबलावर वीसेक नग मांडले, कापलेले, फुटलेले, आणि एकेकाचं कारण सगळ्यांनी मिळून शोधलं. इनॉक्युलेशन, म्हणजे धातूचा पोत सुधारायला त्यात ओतण्याआधी थोडी पूड मिसळणं, ते केल्यावर धातू लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, रेंगाळला की त्याचा असर उतरत जातो हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तिथे एकाच लॅडलचा पहिला आणि शेवटचा नग शेजारी ठेवले होते, शेवटच्याची पातळ कड पांढरी पडून काचेसारखी कडक झालेली. ते पाहिल्यावर आम्ही ओतण्याची वेळ लिहायला लागलो. असे वर्ग भरवणाऱ्या संस्थेची वर्गणी मी डोळे झाकून भरतो.

आणि कंपनी एकाच माणसाची फी भरणार असेल तर मॅनेजरला न पाठवता मिक्सरवरच्या माणसाला पाठवा. भाषेची अडचण येत नाही, कोल्हापुरात बोलणारा दहा मिनिटांत मराठीवर येतोच.

जरा विषयांतर होतंय, पण अभियंता दिनाबद्दलही मनात आहे ते लिहितो. १५ सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केली, खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. आपल्याकडे दर पावसाळ्यात "राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले" ही बातमी येते आणि सगळं शहर पंचगंगेची पातळी बघायला लागतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण पाणी ठराविक पातळीला आलं की दरवाजा आपोआप कसा उघडतो, हे आपल्यातल्या किती इंजिनिअरना कागदावर काढून दाखवता येईल? अभियंता दिनाला हार-शाली जरूर असाव्यात. पण त्यातला एक तास कमी करून नव्या मुलांना ते दरवाजे कोणी समजावून दिले तर मी पहिल्या रांगेत बसेन. हे मी संस्थेला लेखी कळवलंय, तुम्हीही कळवा, दोन पत्रं झाली तर विचार होईल.

तुमच्याकडे मुदतीला तीन आठवडे आहेत असं पोस्टवरून दिसतंय. उद्या पहिल्या शिफ्टला सँड प्लांटवर जा आणि वही आहे का विचारा. असतेच, कधी कपाटात, कधी पॅनेलच्या मागे. ठेवणाऱ्याचं नाव अर्जात घाला, आणि सादरीकरणाला त्यांना बाहेर बाकावर बसवू नका, आत न्या. नियमात बसत नसेल तर आधी फोन करून परवानगी मागा. तक्ता तयार झाला की ग्राहकाचं नाव खोडून इथेच टाका. मी शनिवारी संध्याकाळी मोकळा असतो, एकेक रकाना बघून सांगतो.