टिंगल सुरू झाली की उठायचं, पण कुठवर?

प्रश्न : अस्सलामु अलैकुम, मास्तर. मी चिपळूणकडचा, पुण्यात नोकरीला आहे. खोलीवर आम्ही चौघे, त्यातले दोघे गावचेच, लहानपणापासूनचे. शनिवारी रात्री गप्पा रंगल्या की दाढी, नमाज, जन्नत यांच्यावर विनोद सुरू होतात, कधीकधी कुराणातल्या आयतींवरही (वचनांवरही). बसून राहिलो तर मन खातं, उठलो तर ‘आला मोठा मौलाना’ ऐकावं लागतं. ही मैत्री तोडून टाकू का?
– एक वाचक

उत्तर : वालैकुम अस्सलाम. दोस्त ठेव, ती बैठक सोड. मक्केत आयतींची चेष्टा करणारे बसत, तेव्हा कुराणातल्या सूरह (अध्याय) अनआमच्या ६८व्या आयतीत हुकूम आला, त्यांच्यापासून बाजूला व्हा. मदिनेत सूरह निसाची १४०वी आयत त्याचीच आठवण देते आणि बजावते, बसून राहिलात तर तुम्हीही त्यांच्यातलेच. पण दोन्हीकडे मुदत घातलेली आहे : ते दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत. तेव्हा बोलणं क्रिकेटवर आलं की खुशाल परत ये, चहा घे. भान राहिलं नाही आणि बसून राहिलास, तर आठवल्याबरोबर ऊठ, हेही अनआममध्येच आहे.

मात्र टिंगल कुठली आणि शंका कुठली, ते ओळख. ‘नमाज अरबीतच का?’ असं कुणी मनापासून विचारत असेल तर उठून जाऊ नकोस. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण.

आणि चेष्टा फक्त तुमच्या खोलीवरच होते असं समजू नकोस. जुम्याच्या (शुक्रवारच्या) नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर हातात तसबीह (जपमाळ) घेऊन बसलेले आमच्या वयाचे लोक कुणाच्या मुलीचं लग्न का मोडलं, याची चिरफाड करतात. सूरह हुजुरातने गीबतीला, म्हणजे पाठीमागे केलेल्या निंदेला, मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय. तिथून उठणं मला तुझ्या खोलीपेक्षा अवघड वाटतं, कारण सगळे वडीलधारे, सगळ्यांना सलाम घालायचा.

पैगंबरांचे सहाबी (सोबती) अबू मूसा अशअरींनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे : चांगला सोबती कस्तुरी विकणारा, वाईट सोबती लोहाराचा भाता. कस्तुरी विकत घेतली नाही तरी सुगंध मिळतोच. भात्यापाशी कपडे जळतात, नाहीतर निदान दर्प तरी चिकटतो. नुसतं उठून बाल्कनीत उभं राहशील तर दोन शनिवारांत कंटाळशील. मगरिबला (सूर्यास्तानंतरच्या नमाजला) मशिदीत ज्याच्याशी दोन शब्द होतात, त्याच्याबरोबर जेवायचं ठरव.

बसून गेलेल्या वेळेसाठी मजलिशीच्या कफ्फाऱ्याची, म्हणजे बैठकीतल्या चुकांच्या प्रायश्चित्ताची, दुआ आहे : ‘सुब्हानकल्लाहुम्म व बिहम्दिक, अश्हदु अल्ला इलाह इल्ला अंत, अस्तग़्फ़िरुक व अतूबु इलैक.’ म्हणजे, अल्लाह, तू पवित्र आहेस, स्तुती तुझीच; तुझ्याशिवाय कुणी ईश्वर नाही, अशी ग्वाही देतो; तुझी क्षमा मागतो आणि तुझ्याकडेच वळतो. उठताना म्हणत जा.

गावच्या दोघांपैकी जो जरा मऊ आहे त्याला एकट्याला गाठून सांग की हे मला लागतं. चौघांत बोललास तर त्यावरच पुढचा विनोद होईल. सांगूनही मुद्दाम तेच चालू राहिलं, तर भाड्याचा करार संपताना दुसरी खोली बघ. ईदला मात्र त्यांच्या घरी जात राहा.