कॉलेज प्रोजेक्टसाठी लोकलच्या दारात माणूस चढतोय की उतरतोय हे व्हिडिओवरून ओळखायला मॉडेल शून्यापासून ट्रेन करावं का?

नाही, शून्यापासून अजिबात नको, कायनेटिक्स या माणसांच्या क्रियांच्या व्हिडिओ डेटासेटवर आधीच शिकलेलं मॉडेल घ्या आणि तुमच्या क्लिप्सवर फाइन-ट्यून करा, म्हणजे त्यालाच थोडं पुढे शिकवा. २०१७ च्या त्या डेटासेटमध्ये ४०० प्रकारच्या क्रिया आहेत, प्रत्येकीच्या यूट्यूबवरच्या किमान ४०० क्लिप्स, साधारण १० सेकंदांच्या, म्हणजे माणसाचं शरीर कसं हलतं याचा पाया आयता मिळतो, कॉलेज प्रोजेक्टला एवढा डेटा कोण गोळा करणार. माझं रोजचं काम यातलंच आहे म्हणून एक सांगतो, कायनेटिक्समधल्या बऱ्याच क्रिया नुसत्या बॅकग्राउंडवरून कळतात, पोहणं म्हटलं की पाणी दिसतंच, तुमच्याकडे मात्र तोच दांडा, तोच फुटबोर्ड, आणि तोंड बाहेर म्हणजे उतरतोयच असंही नाही, दारात उभे राहणारेही बाहेरच बघतात. फरक आधी काय आणि नंतर काय यातच आहे, तेव्हा एका फ्रेमवर भागवू नका, क्लिपभर पसरलेल्या १६ किंवा ३२ फ्रेम द्या आणि त्यांचा क्रम उलटा करून बघा, तरी उत्तर तेच आलं तर मॉडेल हालचाल बघतच नाहीये. आणि दादरच्या एकाच व्हिडिओचे तुकडे ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीत टाकू नका, अॅक्युरसी खोटी वाढते.