आधी आलेला मालक होतो

प्रश्न : ताई, आमचा चार फुटी, साधारण अडीचशे लिटरचा मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक आहे. टँक सुरू केला तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून तीन काळ्या पट्ट्यांचा डॅमसेल मासा टाकला होता. नंतर दोन क्लाउनफिश आले, त्यांचं त्याच्याशी जमलं. गेल्या आठवड्यात मुलीच्या हट्टाखातर फायरफिश आणला, तर डॅमसेल त्याला जगूच देत नाही. त्याची शेपटी फाटली आहे आणि तो दिवसभर हीटरच्या मागे उभा असतो. दुकानदार म्हणतो, आणखी चार डॅमसेल टाका, म्हणजे मार वाटला जाईल. टाकू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अजिबात टाकू नका. आज ते चार बोटाएवढे दिसतील, पण सहा महिन्यांत प्रत्येक जण एकेक कोपरा धरून बसेल आणि मग तुमच्या क्लाउनचेही हाल सुरू होतील.

पण ते नंतर. आज रात्री काय करायचं ते आधी सांगते, कारण हीटरमागे उभा राहिलेला मासा फार दिवस तग धरत नाही. तो खायला येतो का, त्याचे कल्ले भराभर हलतात का, एवढं पाहा. नवा मासा आला की दोन-तीन दिवस थोडी पळापळ होतेच, तिला घाबरू नये. शेपटी फाटणं आणि उपास पडणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. भाजी धुवायच्या प्लॅस्टिकच्या दोन जाळीदार टोपल्या आणा, कोऱ्या, साबण न लागलेल्या. तोंडाला तोंड लावून केबल टायने बांधा, आत पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा ठेवा आणि फायरफिशला त्यात सोडा. टोपली टँकमध्येच, फिल्टरच्या प्रवाहाजवळ अडकवा. जेवण आतच द्या. खरं तर कोंडायला हवं त्या डॅमसेलला, पण तो आज तुमच्या हाती लागणार नाही.

आणि टँकवर जाळी आहे ना? फायरफिश घाबरला की सरळ वर उडी मारतो. माझा पहिला फायरफिश असाच गेला. फिल्टरचा पाइप आत घ्यायला झाकणात दोन बोटांची फट सोडली होती, तेवढी त्याला पुरली. सकाळी स्टँडमागे फरशीवर सापडला. पाठीवरचा तो लांब पांढरा तुरा फरशीला चिकटून वाळला होता. ती फट मी आदल्या दिवशीच पाहिली होती आणि उद्या बुजवू म्हणाले होते. तुम्ही उद्यावर टाकू नका.

आता डॅमसेलबद्दल. त्याला दुष्ट समजू नका. हा मासा लक्षद्वीपच्या उथळ लगूनमध्येही सापडतो, फांद्याफांद्यांच्या प्रवाळाच्या एका झुडपाला धरून राहतो. झुडपाजवळ कोणी आलं की त्याला हुसकायचं, हाच त्याचा जगण्याचा मार्ग. समुद्रात हुसकलेला मासा चार हात लांब जातो आणि भांडण तिथंच मिटतं. तुमच्या टँकमध्ये तो चार फुटांवर काचेला थडकतो आणि परत फिरतो. डॅमसेलला वाटतं, हा पुन्हा आला. दिवसातून शंभरदा हेच.

त्याला पकडायला जाळं घेऊन मागे लागू नका, सगळे दगड ढासळतील आणि सगळे मासे गांगरतील. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, तोंडाकडचा भाग कापून उलटा आत बसवा, बुडाला थोडा आर्टेमिया (माशांना घालतात ते कोळंबीसारखे बारीक जीव) टाका आणि बाटली आडवी ठेवून द्या. पहिले तीन दिवस त्याला निवांत आत-बाहेर करू द्या, फक्त बाकी टँकमध्ये खाणं कमी टाका. चौथ्या दिवशी तो आत शिरला की बाटलीचं तोंड तळव्याने दाबून उचला. माझ्या अनुभवात हे जाळ्यापेक्षा कितीतरी सोपं जातं.

तो बाहेर असताना दगडांची मांडणी पूर्ण मोडून नव्याने लावा. जुनी कपार जुन्या जागी राहता कामा नये. मग फायरफिशला टोपलीतून मोकळं करा आणि दोन आठवडे त्याला घर करू द्या. डॅमसेलला तोवर टँकचंच पाणी आणि स्पंज फिल्टर घालून वेगळ्या डब्यात ठेवा. परत सोडायचाच असेल तर संध्याकाळी, दिवे बंद केल्यावर सोडा. आता तो नवखा आणि बाकीचे जुने.

माझं मत विचाराल, तर तुमच्या जागी मी त्याला परत सोडणार नाही. फायरफिश आणि तो यांचं चार फुटांत जमणं कठीण आहे. दुकानात परत द्या, किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला द्या. खाडीत किंवा समुद्रात मात्र कधीही सोडू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९८० च्या दशकात लायनफिश दिसू लागले, ते बहुधा असेच कोणाच्या तरी टँकमधून आलेले. आज कॅरिबियनचे मासे त्यांच्या तोंडी पडताहेत.

नवा टँक पिकवायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढवायला, डॅमसेल टाकायची पद्धतच मला मान्य नाही. चिमूटभर खाणं रोज टाकून, जुन्या टँकचा थोडा फिल्टर-स्पंज घालून आणि पाण्यातला अमोनिया तपासत चार-सहा आठवडे थांबलं, तर मासा न घालताही टँक तयार होतो. मग सर्वांत गरीब मासा आधी आणि भांडखोर शेवटी आणायचा. तुमच्याकडे नेमकं उलटं झालं.

प्रश्न : तीन क्लाउन आहेत. मोठा दोघांना चावतो. एक छोटा त्याच्यासमोर आडवा होऊन थरथरतो. आजारी आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थरथरणारा आजारी नाही. तो ‘तू मोठी, मी लहान’ असं सांगतो आहे आणि ती ऐकतेही आहे. क्लाउनमध्ये सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा नर, बाकीचे रांगेत थांबलेले. मादी गेली तर तो नरच मादी होतो. अशी जोडी जमली की तिसऱ्याला टँकमध्ये जागा उरत नाही. कोणता थरथरत नाही आणि मार खातो, ते दोन दिवस पाहा. त्याला याच आठवड्यात दुसरं घर शोधा.